झाडाखाली कुजणारा रातांबा आणि आपली पडीक जमीन

कोकणातल्या आपल्या बहुतेक घरांची हकीकत एकसारखीच आहे. एक मुलगा कुवेतला, एक कतारला, एखादा मुंबईत. गावात म्हातारी माणसे, कुलूप लावलेले चिऱ्याचे घर आणि घरामागे वर्षानुवर्षे पडीक असलेली वरकस जमीन. ती कोणी कसत नाही आणि सहजासहजी विकताही येत नाही, कारण सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळेपासूनची नावे लागलेली. मे महिन्यात गावी जावे तर त्या जमिनीत लाल रातांब्यांचा सडा पडलेला असतो. मुले तो पायाखाली तुडवतात, दोन पाऊस पडले की त्याचा चिखल होतो. आणि इकडे मुंबईत, पुण्यात सोलकढीचा एक पेला आपणच पैसे मोजून पितो.

आम्ही शेतकरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेली तीस वर्षे चिपळूणच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान चालवतो. शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, शेतीचे पुस्तक कधी हाती धरले नाही. तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नव्हे, एका व्यापाऱ्याच्या तजुर्ब्याचा आहे. वाचक बंधूंनी तो तेवढ्याच हिशेबाने घ्यावा.

२२ जुलै २०२१ रोजी, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. आमच्या दुकानातले ताके, तयार कपडे, हिशेबाच्या वह्या, सगळे गाळात गेले. त्याआधीच्या दोन रमजान ईदा टाळेबंदीत बुडाल्या होत्या. सुरत आणि भिवंडीच्या व्यापाऱ्यांची देणी अंगावर होती. नेमक्या त्याच वेळी खेड तालुक्यातल्या आमच्या चार एकर वरकस जमिनीला मुंबईचे गिऱ्हाईक आले. त्याला फार्म हाऊस बांधायचे होते. कुवेतहून धाकट्या भावाचा फोन आला, "भाईजान, देऊन टाका. देणी तरी फिटतील." कतारचा भाऊही तेच म्हणाला. आम्हीही मनाने तयार होतो. संमतीचा कागद तयार झाला आणि सहीसाठी थोरल्या आपाकडे गेला, कारण जमिनीत तिचाही हिस्सा आहे. आपाने नाही म्हटले नाही. एवढेच म्हणाली, "विकायच्या आधी तिथे काय काय उभे आहे, ते मोजून तरी या."

मोजायला गेलो. कोकमाची एकतीस झाडे निघाली, जांभळाची चौदा, फणसाची सहा. करवंदीच्या जाळ्यांची गणती करणे शक्यच नव्हते. ही झाडे कोणी लावली नव्हती. पाखरांनी आणि वानरांनी बिया टाकल्या, पावसाने वाढवली. वालिदसाहेबांच्या हयातीत चाची त्यातलीच चार झाडे वेचून घरापुरते आमसूल करीत असे. बाकीचा माल मातीत जात होता. आम्ही कापडवाले, एका मीटरची कातरण वाया गेली तर नोकराला बोलतो, आणि इथे दरसाल टनाच्या हिशेबाने माल कुजत होता, तो कुणाच्या वहीत नव्हता.

रातांब्यात काय काय आहे

कोकमाचे ताजे फळ म्हणजे रातांबा. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. आंबा, केळी, चिकू यांच्याप्रमाणे त्याला ताज्या फळाचा बाजार नाही, कारण कोणी ते बसून खात नाही. शेतकरी म्हणतो, गिऱ्हाईक नाही. आमच्या मते चूक इथेच होते. कोकमात विकायचा माल फळ हा नव्हेच. करघ्यावरून उतरलेले कोरे कापड जसे कोणी अंगावर घालीत नाही, त्याला धुलाई, रंगाई, छपाई लागते आणि खरा नफा त्या मधल्या कामात असतो, तसेच रातांब्याचे आहे. आणि हे मधले काम तर आपल्या कारागीर-व्यापारी समाजाचा पिढीजात पेशा आहे.

एका रातांब्यातून किती माल निघतो पाहा. साल सुकवली की आमसूल. ते करण्याची रीत अशी की फळ फोडून बी वेगळी काढायची, साल उन्हात वाळवायची, मग बियांभोवतीच्या गराच्या रसात मीठ घालून त्यात साल भिजवायची आणि पुन्हा वाळवायची. याला पूट देणे म्हणतात. पाच-सात पुटे दिली की साल काळीभोर, लवचिक आणि चवदार होते. एक-दोन पुटांवर बाजारात आणलेला माल जाणकार वाणी बोटाने दाबूनच ओळखतो. सालीला नुसते मीठ लावून थरावर थर रचले आणि रोज हलवले की जो गडद रस सुटतो तो आगळ. सोलकढीला तोच लागतो. मीठ भरपूर असल्याने आगळ वर्षभर टिकते. सालीच्या वाट्यांत सालीच्या दुप्पट साखर भरून काचेच्या बरणीत आठवडाभर उन्हात ठेवले की साखर विरघळते आणि गाळून अमृत कोकम, म्हणजे सरबताचा अर्क, तयार होतो. राहिली बी. तिच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा तेल असते. आमच्या दादी बिया कुटून पाण्यात उकळीत, वर आलेले तेल काढून थंड झाले की हाताने त्याचे गोळे वळीत. तेच भिरंडेल. हिवाळ्यात पायांच्या भेगांना लावायचे. साध्या हवेत ते घट्ट राहते आणि ४० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून आज क्रीम, साबण आणि ओठांना लावायच्या मलमांचे कारखाने त्याला मागणी करतात. ज्या बिया आपण उकिरड्यावर टाकतो, त्यांचा हा हाल आहे.

एक गोष्ट इथे सांगणे जरूर वाटते. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असते आणि त्याने वजन उतरते अशा जाहिराती करून गोळ्या विकल्या जातात. त्याचा पुरावा कच्चा आहे. आपल्या बांधवांनी असला दावा करून माल विकू नये. उन्हाळ्यात थंडावा देणारे, जेवणाला रुची आणणारे फळ म्हणून सांगा, तेवढे पुरेसे आहे. आणखी एक, कापडवाल्याच्या नजरेतून. कोकमाचा लाल रंग पाहून आम्हाला वाटले होते की याने कापड रंगवता येईल. एक पांढरा मलमलीचा तुकडा बुडवून पाहिला. रंग सुरेख चढला. साबण लावताच निळसर झाला आणि चार दिवस उन्हात टाकल्यावर उडून गेला. तेव्हा रंगाचा धंदा करण्याचे मनातून काढले.

आमची पहिली ठोकर

विक्री थांबवून २०२२ च्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा धंद्याच्या इराद्याने रातांबा उतरवला. चाची आणि शेजारच्या चार बायका फोडायला बसल्या. माल भरपूर होता आणि आमची घाई त्याहून भरपूर. तीनच पुटे दिली. मळभ होते तरी वाळला म्हणून पिशव्या भरल्या आणि मुंबईच्या एका किराणा व्यापाऱ्याला उधारीवर पाठवला. तीन आठवड्यांनी सगळा माल परत आला. आतून बुरशी धरलेली. गाडीभाडे आमच्या अंगावर पडले. त्या व्यापाऱ्याला आम्ही दोष देत नाही. ओला कपडा घडी करून ठेवला तर काय होते, हे आम्हाला तीस वर्षे ठाऊक असताना आम्ही ओले आमसूल पिशवीत भरले.

त्या हंगामात फक्त एक वस्तू वाचली, ती म्हणजे अमृत कोकम. आपाने तिच्या घरी दोन मोठ्या बरण्या केल्या होत्या. हे मे महिन्यात बनते आणि नीट केले, कोरड्या बाटलीत भरले तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकते. २०२३ साली रमजान मार्चअखेरीस सुरू झाला. ईदचे कापड घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाईकांना आम्ही दुकानात इफ्तारच्या वेळी तेच सरबत पाजले. पहिल्या आठवड्यात लोक विचारू लागले, बाटली मिळेल का? मिळाली तेवढी दिली आणि दहा दिवसांत संपली. इफ्तारच्या दस्तरखानावर लाल सरबत असतेच. ते कारखान्याच्या बाटलीतले असायला हवे असे कोणी सांगितलेले नाही.

तेव्हापासून आम्ही माल तीन हिश्शांत करतो. पहिला, चांगला पिकलेला, न फुटलेला रातांबा अमृत कोकमाला. दुसरा आमसुलाला, तोही पाच पुटांखाली नाही. आणि पाऊस अंगावर आला, ऊन नाहीसे झाले की उरलेला सगळा आगळेला, कारण आगळेला ऊन लागत नाही, मीठ लागते. हा शेवटचा तोडगा चाचीचा. २०२५ साली तो कामी आला. त्या वर्षी मे महिन्याच्या विसाव्या तारखेपासूनच पाऊस लागला आणि २६ मेपर्यंत मान्सून मुंबईत पोहोचला. झाडावरचा निम्मा माल गळला. ज्यांनी नुसत्या आमसुलावर भरवसा ठेवला होता, त्यांच्या खळ्यात काही उरले नाही. आमचा तोटा झालाच, पण पिंपात आगळ तरी राहिली.

हिशेब म्हणाल तर सरळ सांगतो. दहा किलो रातांब्यातून आमच्या हाती किलो-सव्वा किलो आमसूल पडते. मजुरी मोठी आहे. झाड उंच आणि फांद्या दाट, काढणारा माणूस मिळणे मुश्किल, आणि सगळी घाई पावसाच्या आधीच्या तीन आठवड्यांत. आमची देणी कोकमाने फिटली, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. ती घरातले दागिने आणि भावांच्या पैशाने फिटली. पण गेली तीन वर्षे जमिनीचा सारा, कुंपण, गड्याची मजुरी आणि पाच बायकांचा दीड महिन्याचा रोजगार त्या जमिनीनेच काढला. वर थोडी रक्कम उरते, ती हिश्शांप्रमाणे वाटतो. आपाचा हिस्सा तिच्या हातात देतो. त्या जमिनीतून तिला पैसा मिळण्याची ही पहिलीच वेळ.

कलम, नर आणि मादी

लागवडीचे म्हणाल तर एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कोकमात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बी लावले तर सात-आठ वर्षे खत-पाणी घालून फुले येईपर्यंत कळत नाही की झाड काय निघाले, आणि निम्मी नर निघतात. आमच्या एकतीस झाडांत चौदा नर होती. म्हणजे चौदा झाडे वर्षानुवर्षे केवळ सावली देत होती. म्हणून बी लावू नये, मादी झाडाच्या फांदीचे कलमच लावावे. कलम घेतानाही पाहावे की काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची आहे. आडव्या फांदीचे कलम आयुष्यभर झुडपासारखे पसरते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या दोन जाती दिल्या आहेत. कोकण अमृता ही १९९७ साली आलेली जात. फळ साधारण ३५ ग्रॅमचे, आणि मोठा गुण असा की माल पावसाच्या आधी तयार होतो. कोकण हातीस ही नंतरची. तिचे फळ ९० ग्रॅमच्या घरात जाते. फळ पाहून मोह होतो, पण आमचा कौल अमृतालाच आहे. कोकमात जो पावसाआधी आला तो माल, बाकीचा चिखल. दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवले तर एकरी एकशे दहाच्या आसपास कलमे बसतात. त्यात दर दहा मादी झाडांमागे एखादे नर राखावे, नाहीतर फळधारणा होत नाही. जून महिन्यात लावावे, पहिले दोन उन्हाळे सावली आणि पाणी द्यावे. नारळ-सुपारीच्या बागेत मधल्या जागेतही ते चांगले येते. पाच-सहा वर्षांनी फळ धरते. घाई असणाऱ्याचे हे पीक नव्हे.

ज्यांच्याकडे आमच्यासारखी जुनी नर झाडे आहेत, त्यांनी ती तोडू नयेत. जाणकार माळी त्यावर मादी झाडाची काडी भरून देतो. आम्ही सहा झाडांवर भरून घेतली, चार धरली.

सरकारची मदतही आहे. महाराष्ट्रात रोजगार हमीला जोडून १९९० साली फळबाग योजना आली. कोकणात तिचा फायदा मुख्यतः आंबा आणि काजूला झाला, कोकम मागेच राहिले. २०१८-१९ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना सुरू झाली, तिच्या यादीत कोकम, जांभूळ, फणस ही नावे आहेत आणि कोकणात दहा गुंठ्यांपासून लाभ घेता येतो. २०२० साली केंद्राने लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची योजना काढली होती. यातले आज काय चालू आहे, अट काय आहे, हे तालुका कृषी कार्यालयात समक्ष जाऊन विचारावे. सर्वांत मोठी अडचण पैशाची नसून कागदाची आहे. सामायिक सातबारा असेल तर सर्व हिस्सेदारांचे संमतीपत्र मागतात. भाऊ परदेशात, चुलते वारलेले, वारसनोंद झालेली नाही. आमचे पहिले एक वर्ष केवळ याच कामात गेले. म्हणून ज्यांचे भाऊ सुट्टीवर गावी येतात, त्यांनी लग्नकार्याच्या गडबडीत एक दिवस तलाठ्याकडेही काढावा.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पैठणीला जसे आहे, तसे हे. खरेदीदाराला माल कुठला ते सांगता येते आणि बाहेरचा माल या नावाने विकता येत नाही. कापडवाल्यांना या नावाची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी रानफळे आणि कारागिरांचे काम

जांभळाविषयी फार लिहीत नाही. फळ एक-दोन दिवसांत मरते, फांदी ठिसूळ असते आणि दरसाल कोणीतरी पडून हातपाय मोडतो. ज्याची जमीन मुंबईच्या बाजारापासून एका रात्रीच्या अंतरावर आहे, त्यानेच त्यात पडावे. फणसाला केरळने २०१८ साली राज्यफळाचा मान दिला आणि कोवळ्या फणसाचे तुकडे आता मटणाऐवजी विकले जातात. आपल्याकडे हे ऐकून लोक हसतात. हसावे, पण भाव विचारून घ्यावा. करवंदाची गोष्ट मात्र बेकरीवाल्या बांधवांनी नीट ऐकावी. केकवर आणि पानात जी लाल चेरी लावतात, ती बहुतेक वेळा चेरी नसतेच. कच्चे करवंद बी काढून, रंगवून, साखरेच्या पाकात मुरवलेले असते. ज्या करवंदीच्या काट्यांनी आमचे धोतर-पायजमे फाटले, तेच करवंद शहरात डब्यात बंद होऊन विकले जाते.

आणि यात शेतीच्या बाहेरचे काम किती आहे, ते पाहा. रातांबा आंबट असल्याने तांबे, पितळ, ॲल्युमिनियम चालत नाही, भांडे खराब होते आणि मालही. स्टीलची ट्रे, काचेची किंवा चिनी मातीची बरणी, खाद्यपदार्थांसाठीचे प्लास्टिकचे पिंप हेच लागते. आमच्या गावच्या एका वेल्डिंगवाल्याने लोखंडी पाइपचा सांगाडा करून त्यावर जाड पॉलिथीन ताणले, आत स्टीलच्या जाळीचे खण बसवले, वरून वाफ जायला भोके ठेवली. मळभ असले तरी त्यात साल वाळते आणि धूळ, माश्या लागत नाहीत. त्याने तसे आणखी तीन सांगाडे दुसऱ्या गावांना करून दिले. फोडण्यासाठी सुताराने पाटावर पाते बसवून दिले, त्यामुळे बायकांच्या बोटांना मीठ-आंबट झोंबणे कमी झाले. बाटल्या, झाकणे, लेबल छापणारा, खोकी करणारा, टेम्पोवाला, यातल्या प्रत्येकाची मजुरी त्या पडलेल्या रातांब्यातून निघते. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी मात्र करून घ्यावी. ती नसेल तर शहरातला दुकानदार बाटली हातात घेत नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

२०२२ च्या पावसात आम्ही चाळीस कलमे लावली होती, चार नर धरून. तेहतीस जगली. दोन गुरांनी खाल्ली, बाकीची पहिल्या उन्हाळ्यात आमच्याच आळसाने गेली. आता काही कलमांना पहिली फुले दिसली आहेत. मुंबईच्या त्या गिऱ्हाईकाचा फोन अजून येतो, दरवेळी आधीपेक्षा मोठा आकडा घेऊन. संमतीचा जुना कागद कपाटात तसाच आहे, त्यावर आपाची सही नाही. कुवेतचा भाऊ अजूनही विकण्याच्या मताचा आहे आणि त्याचीही बाजू आहे, त्याच्या मुलांच्या फिया तिथे दिनारात भराव्या लागतात. कतारच्या भावाने गेल्या आठवड्यात फोनवर विचारले, "भाईजान, मादी झाडे किती झाली?" आम्ही वही काढून सांगितले, जुनी सतरा, काडी भरलेली चार आणि नव्या कलमांत तीस. तो म्हणाला, सुट्टी मे महिन्यातच घेतो.